करडीच्या घरात खोबरेल

माझ्या धाकट्या दिराला तळकोकणात मास्तरची नोकरी लागली, तेव्हा आमच्या आखाडा बाळापुरात तो मुलूख कुणालाच नीट ठाऊक नव्हता. तिकडं पाऊस लई, माती लाल आणि माणसं दोन्ही वेळा भात खातात, एवढीच माहिती. काही वर्षं तो तिकडं राहिला, तिथलीच बायको केली, आणि हिंगोली परभणीतून वेगळी होऊन नवा जिल्हा झाला त्या सुमाराला बदली करून घेऊन परत आला. लग्नाला आम्ही गेलो होतो, पण लग्नात नवरी कुठं दिसते? मला ती खरी दिसली ती आमच्या दारात, एस.टी.तून उतरून आली तेव्हा. एका खांद्याला पिशवी आणि पोटाशी धरलेला, फडक्यानं तोंड बांधलेला पत्र्याचा डबा. दीर तो घ्यायला गेला तर तिनं दिला नाही.

"काय गं त्याच्यात?" सासूबाईंनी विचारलं.

"खोबरेल आहे, आई. आमच्याच माडांचं. आईनं घाण्यावरून काढून दिलंय."

मी खोबरेल ऐकलं नाही. मी 'आई' ऐकलं.

मला या घरात येऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मी सासूबाईंना आत्याबाई म्हणायची. माहेरहून तसंच शिकवून पाठवलं होतं. आत्याबाई, चहा. आत्याबाई, पाणी तापलं. 'मला आई म्हण' असं त्या कधी म्हणाल्या नाहीत आणि माझ्या तोंडून ते कधी निघालं नाही. आणि ही काल आलेली पोरगी चपला काढायच्या आधी आई म्हणाली, आणि सासूबाई "बरं बरं, ठेव तिकडं" म्हणाल्या. जसं काही रोजचंच.

आमच्या घरात तेल म्हणजे करडीचं. रानात करडई असायची. काढणीला पायाला फडकी गुंडाळून जायचं, तरी काटे टोचायचेच. घाण्यावरून डबे भरून आले की घरभर तो उग्र, गरम वास दोन-तीन दिवस राहायचा. माझ्या हातच्या वांग्याच्या भाजीवर करडीच्या तेलाचा तवंग यायचा आणि यांच्या पिठाच्या गिरणीवर येणारी माणसंसुद्धा त्या भाजीचं नाव काढायची. खोबरं आम्ही वापरायचो, पण सुकं, काळ्या मसाल्यात भाजून. खोबऱ्याचं तेल डोक्याला. ते कधी कुणी चुलीजवळ नेलं नव्हतं.

आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती म्हणाली, "वयनी, आज मी करू भाजी?"

आमच्याकडं धाकटी जाऊ थोरलीला ताई नाहीतर बाई म्हणते. ती वयनी म्हणायची, तिच्या गावाकडच्या हेलात, शेवटचं अक्षर जरा लांबवून. मी म्हटलं, कर.

तिनं लाल भोपळा चिरला. औंढ्याला दर्शनाला गेलेल्या शेजाऱ्यांनी प्रसादाचा नारळ आणून दिला होता, तो फोडून खवला. मग डब्यातलं तेल कढईत ओतलं. मोहरी तडतडली आणि सगळ्या घरात न्हाणीचा वास सुटला.

पंगत बसली. यांनी घास घेतला आणि चावता चावता थांबले.

"भाजीत डोक्याचं तेल पडलं का काय?"

माझी लेक खुदकन हसली. सासूबाईंनी वास घेऊन ताट जरा पुढं सरकवलं. "मला न्हाई जाणार बाई हे." दीर तेवढा मान खाली घालून खात राहिला. मी आत गेले आणि पिठलं घेऊन आले. ते मी आधीच करून झाकून ठेवलं होतं. सगळ्यांनी पिठलं-भाकरी खाल्ली.

मागून आम्ही दोघी जेवायला बसलो. तिनं तिची भाजी वाढून घेतली, सगळी. खाता खाता म्हणाली, "आमच्याकडं सगळे असंच खातात, वयनी."

"खात असतील," मी म्हणाले.

त्या दुपारी मला फार गाढ झोप लागली.

तशी झोप पुढं लागली नाही. ती काही हट्टाला पेटली नाही की रडली नाही. तिनं आपलं एका बाजूला थोडं थोडं करायला सुरुवात केली. आधी स्वतःपुरतं आणि दिरापुरतं. तांदूळ भिजवून, वाटून, तव्याला खोबरेलाचा बोळा फिरवून घावणे टाकायची. पांढरेशुभ्र, जाळीदार. माझी लेक तिथं जाऊन बसायला लागली. एक घावणा, मग दोन, मग एक दिवस मी डब्याला चपाती भरत असताना म्हणाली, "मम्मी, काकूच्या हातचं दे ना."

मी चपाती भरली. शाळेतून डबा तसाच परत आला.

मग बाजारच्या दिवशी यांनी धरणाचे मासे आणले. एरवी मासे मी करायची, काळा मसाला घालून, झणझणीत. त्या दिवशी यांनी पिशवी तिच्या हातात दिली. "तुमच्याकडं रोजचंच की हे. करा तुमच्या पद्धतीनं." तिनं आमसूल टाकलं, खोबरं वाटलं, खोबरेलाची फोडणी दिली. यांनी पुन्हा वाढून घेतलं, आणि नंतर पुन्हा.

"लई हलकं झालंय," ते ताटाकडं बघत म्हणाले.

मला राहवलं नाही. "आता डोक्याच्या तेलाचा वास न्हाई येत का?"

"काहून चिडून राहिली? चांगलं झालं त्येला चांगलं म्हणू न्हाई का?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. तिनं नाही बघितलं. ती खाली वाकून काटे वेचून माझ्या लेकीच्या ताटात मासा ठेवत होती.

आपल्याला काय होतंय हे मला कळत होतं. बाळापुरातल्या बायका मला मनमोकळी समजायच्या आणि मीही स्वतःला तशीच समजायची. पण ती घरात वावरायला लागली की माझे कान तिच्यामागं जायचे. ती कुणाशी बोलते, कोण हसलं, कढईत काय पडलं. माझी भाजी आधी संपली की तिची, हे मी भांडी घासायला नेताना बघून घ्यायची. माझ्या पातेल्यात उरलेलं दिसलं की ते मी संध्याकाळी स्वतःच संपवायची, म्हणजे दुसऱ्या दिवशी कुणाला दिसायला नको.

थंडी पडली. कापसाची वेचणी सुरू झाली तसे सगळ्यांचे हातपाय फुटले. सासूबाईंच्या टाचांना तर दरवर्षीच भेगा पडायच्या, रक्त यायचं. दरवर्षी त्या कण्हायच्या आणि मी पाणी गरम करून द्यायची. त्या वर्षी मी रानातून आले तर ओसरीवर वेगळंच चाललं होतं. तिच्या डब्यातलं तेल थंडीनं थिजून पांढरं झालं होतं. तिनं चमच्यानं खरवडून ते वाटीत घेतलं होतं, मेणबत्तीचा तुकडा टाकून निखाऱ्यावर वितळवलं होतं, आणि सासूबाईंचा पाय स्वतःच्या मांडीवर घेऊन बोटानं एकेक भेग भरत होती. सासूबाई भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या होत्या. तोंड जरासं उघडं. त्यांचा असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. माझा हात त्या पायांना लागायचा तो फक्त पाया पडताना.

"वयनी, तुमच्या पण टाचा दाखवा," ती म्हणाली. "तेल उरलंय."

"मला काही न्हाई झालं." मी लुगडं खाली ओढलं आणि आत गेले.

झालं होतं. तिच्यासमोर नीट चालायचं म्हणून मी टाच टेकवून चालायची आणि आत आल्यावर ओठ चावायची. ती सगळी थंडी मी तशी काढली. सासूबाईंच्या टाचा मात्र संक्रांतीपर्यंत लेकरासारख्या झाल्या. येईल जाईल त्या बाईला त्या पाय पुढं करून दाखवायच्या.

पुढच्या दिवाळीची गोष्ट सांगायला पाहिजे. आमच्याकडं तेव्हा दिवाळीची नानकटाई बायका बेकरीत भाजून आणायच्या. मैदा, साखर, डालडा घरून न्यायचा, तिथंच बसून मळायचं, गोळे पत्र्यावर मांडायचे आणि भट्टीवाल्याकडं द्यायचे. मोठी रांग असायची, गप्पा असायच्या. माझी नानकटाई आमच्या गल्लीत नावाजलेली. फुगून वर भेग पडलेली, तोंडात टाकली की विरघळणारी. माझ्या शेजारी बसायला बायका धडपडायच्या, किती डालडा घेते ते बघायला.

त्या वर्षी ती बरोबर आली. तिनं डालडा आणला नव्हता. खोबरेलाचा डबा आणला होता.

"याच्यात नानकटाई?" मी विचारलं.

"थिजलेलं आहे ना वयनी, डालड्यासारखंच फेसतं. बघू तरी."

सकाळी ते खरंच लोण्यासारखं घट्ट होतं. तिनं साखर घालून छान फेसलं, गोळे केले. पण रांग लांब होती, भट्टीची धग बाहेर येत होती, ऊन चढलं. आमचा नंबर येईपर्यंत तिचे गोळे पत्र्यावर बसायला लागले होते. मी ते पाहिलं. काही बोलले नाही. माझे गोळे जसेच्या तसे टुमटुमीत.

पत्रे बाहेर आले. माझी नानकटाई दरवर्षीसारखी. तिची पसरून एकमेकींना चिकटली होती, पापडीसारखी चपटी, कडेनं तांबूस. रांगेतली एक बाई मोठ्यानं हसली. "ही काय, नानकटाईची दशमी झाली!" तीही हसली, पण तोंड उतरलं होतं. घरी येईपर्यंत मी तिला सांगत होते, अगं होतं असं, पहिल्या वेळेला होतंच. माझ्या आवाजात इतका गोडवा त्याआधी कधी नव्हता.

घरी लेकरं जमली. माझ्या लेकीनं एक चपटा तुकडा तोडून तोंडात टाकला. कुर्रकन आवाज आला. तिनं दुसरा घेतला. शेजारच्या पोरांनी हात घातला. सासूबाईंनाही कडकडीत काही चावायला आवडायचं, त्यांनी चहासोबत खाल्ला आणि म्हणाल्या, "हे बेस हाय. त्या पोकळ गोळ्यापेक्षा."

दिवाळीच्या आधीच तिचा नानकटाईचा डबा संपला. माझ्या नानकटाया देवदिवाळीपर्यंत पुरल्या. फसलेलंही हिचंच आवडतं, मग आपण करायचं तरी काय, असं मला वाटलं. मी आत जाऊन विनाकारण डब्यांची उतरंड लावत बसले.

दोन वर्षांनी दिराला हिंगोलीजवळची शाळा मिळाली आणि ती दोघं लहान लेकरू घेऊन हिंगोलीला भाड्याच्या घरात गेली. टेम्पो निघाला तेव्हा ती माझ्या गळ्यात पडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. टेम्पो कोपऱ्यावर वळला आणि मी स्वयंपाकघरात येऊन उभी राहिले. सगळं माझं. त्या दिवशी मी वांग्याची भाजी केली, भरपूर तेल घालून.

"बरी झाली," हे म्हणाले. एवढंच.

काही वर्षांनी सासूबाई अंगणात घसरल्या आणि कंबरेचं हाड मोडलं. वय झालेलं, डोळ्यांवर पडदा आलेला, डॉक्टर म्हणाले आता झोपूनच. पुढच्या खोलीत खाट टाकली. हगणं-मुतणं, अंग पुसणं, भरवणं, कुशीवर वळवणं, सगळं माझ्याकडं आलं. त्याचं मला काही वाटलं नाही. करायचंच होतं.

धाकटी शनिवारी यायची. दिराची त्या दिवशी सकाळची शाळा असायची, म्हणून लेकराला त्याच्याजवळ सोडून ती दुपारच्या गाडीनं यायची. येताना बाटलीत खोबरेल. सासूबाईंची पाठ, टाचा, कोपरं, जिथं जिथं खाटेला घासून कातडी लाल व्हायची तिथं कोमट तेल जिरवायची आणि रविवारी परत जायची. बाटली ठेवून जायची. बाकीचे सगळे दिवस ते तेल मी लावायची. तसंच कोमट करून, तितकाच वेळ.

"आज शनवार का?" सासूबाई रोज सकाळी विचारायच्या.

"न्हाई आत्याबाई, आज मंगळवार."

मी तेल लावायला बसले की म्हणायच्या, "हळू गं. तुझा हात राठ हाय." आणि मग, "धाकटीला बोलवा. तिच्या हातानं आराम पडतो."

त्यांच्या पाठीवर एक जखम झाली नाही. डॉक्टर बघून म्हणाले, फार छान ठेवलंय. सासूबाई म्हणाल्या, धाकटी येती ना माझी.

एका दुपारी मी पापडाचं पीठ कुटत होते. काचा फुटतील म्हणून बांगड्या कोपराकडं सारून वरून फडकं बांधलं होतं. सासूबाई कण्हल्या म्हणून मी तशीच उठले, हात धुतले, तेल कोमट केलं आणि त्यांच्या पाठीला हात लावला. रोज माझ्या बांगड्या वाजायच्या. त्या दिवशी वाजल्या नाहीत.

त्यांचं अंग सैल पडलं. "आलीस व्हय? शनवार हाय का आज?"

बुधवार होता.

मी हात फिरवत राहिले. त्या पुन्हा म्हणाल्या, "आलीस ना?"

"हो, आई," मी म्हणाले. तिच्या हेलात, आवाज बारीक करून. त्या बाईला आई म्हणण्याची माझी ती पहिली वेळ.

"तुझा हात कसा हलका," त्या म्हणाल्या. आदल्या दिवशी राठ असलेला तोच हात. मी चोळत राहिले. मला रडू येत होतं की राग, आजही सांगता येत नाही.

थोड्या वेळानं त्यांनी चाचपडत माझं मनगट धरलं आणि आवाज खाली आणला. "थोरलीला सांगू नको तू आल्यालं."

"का?"

"तिच्या पोटात दुखतं. तू या घरात आलीस तवापासून दुखतं. मला काय दिसत नव्हतं का? तवा तर डोळे चांगले होते."

माझा हात थांबला. म्हणजे माझं सगळं त्यांना ठाऊक होतं. ते गोड बोलणं, ते आधीच करून ठेवलेलं पिठलं, लुगडं ओढून झाकलेल्या टाचा.

"मग तुम्ही तिला कधी चांगलं का नाही म्हणालात, आई?" मी विचारलं. माझा आवाज तिच्यासारखा राहिला होता की नाही, देव जाणे.

"तिला?" त्यांना जणू प्रश्नच कळला नाही. "ती घरची हाय. घरच्याला कोन चांगलं म्हणत बसतं? तू लांबून आल्याली. तुला गोड नसतं बोललं तर राहिली असतीस का?"

त्या झोपल्या. मी पाठ पुसली, चादर ओढली, आणि उखळाजवळ येऊन बसले. हे ऐकून कुणाला बरं वाटलं असतं. घरची. यापरीस मोठं काय? पण मला नाही वाटलं बरं. मला वाटलं, मलाही कुणीतरी चार दिवस पाहुणी ठेवायचं होतं. मीही लांबूनच आले होते. माझं माहेर फक्त कोकणात नव्हतं, कळमनुरीच्या पुढं होतं, एवढंच.

शनिवारी धाकटी आली. मी तिला काही सांगितलं नाही. सासूबाईही काही बोलल्या नाहीत. पण त्या दिवसापासून, घरात कुणी नसलं की मी कधीमधी बांगड्या वर सारून तेल लावायला बसायची.

उन्हाळ्यात त्या गेल्या. धाकटी "आई, आई" करून आक्रोश करत होती. मी माणसांच्या चहाचं बघत होते. दिवस झाल्यावर नणंद सगळ्यांसमोर म्हणाली, "धाकटीनं लई केलं माईचं."

"रोजचं सगळं वयनींनीच केलं," धाकटी लगेच म्हणाली. "मी आपली शनिवारी यायचे."

कुणी लक्ष दिलं नाही, बोलणं दुसरीकडं गेलं. मी मात्र ऐकलं. आणि तिचे आभार मानायचे सोडून मला आणखी चीड आली, की माझ्या वाटचं चांगलं बोलणंसुद्धा हिच्याच तोंडून यावं.

मग आमच्या रानात करडई राहिली नाही. सगळीकडं सोयाबीन आलं, करडीला रानात जागाच उरली नाही, आणि आमच्या घरातही पिशवीतलं तेल यायला लागलं. वांग्याच्या भाजीवर पहिल्यासारखा तवंग येत नव्हता. यांना ते कळलं नाही. मला कळायचं.

अशात एकदा डोळे दाखवायला मी हिंगोलीला गेले. दवाखान्यातून वेळेआधी सुटले म्हणून न कळवता धाकटीकडं गेले. दार उघडंच होतं. आत पलंगाला टेकून एक बाई खाली बसली होती, केस मोकळे सोडून, आणि धाकटी मागं बसून तिच्या डोक्याला तेल लावत होती. दोघी हसत होत्या.

"अगोबाई, वयनी!" धाकटी तेलाच्या हातांनीच उठली. "या, या. ह्या आमच्या शेजारच्या. ह्यांचं डोकं सारखं दुखतं, म्हणून बसवलंय. आणि ह्या माझ्या मोठ्या जाऊबाई."

"तुमच्याबद्दल लई सांगून राहतात ह्या," ती बाई म्हणाली. "तुमच्या वांग्याच्या भाजीचं तर रोज."

मी हसले. माझं लक्ष तिच्या केसांकडं होतं. इतकं तेल जिरवलं होतं की कपाळावर चमकत होतं. किती दिवस येत असेल ही? रोज येत असेल का? माझ्या पोटात तेच जुनं दुखायला लागलं. फक्त या वेळी ते धाकटीवर नव्हतं. ते त्या बाईवर होतं.

ती बाई चहा पिऊन गेली. धाकटी कप घेऊन आत गेली. मी त्या बाईच्या जागेवर, पलंगाला टेकून खाली बसले आणि अंबाडा सोडला.

धाकटी बाहेर आली, दारातच थांबली. मग येऊन मागं बसली आणि माझे केस हातात घेतले.

"किती कोरडे पडलेत, वयनी."

"टाक मग तेल," मी म्हणाले. "त्या बाईला लावून काही उरलं असंल तर."

तिनं वाटी उचलली आणि तेल पुन्हा गरम करायला आत गेली.